सवंगड्याचा हात

शाळेची वेळ झाली की मंचर-घोडेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना, उसाच्या फडांमधून निघणाऱ्या पायवाटांवर मुलांचे घोळके दिसू लागतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मुलांनी एकट्याने शाळेला जाऊ नये, हा दंडक आता घराघरांत रुजला आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्याने डोंगर सोडून फडांत मुक्काम केला. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे नाव या भागातील लहान पोरालाही माहीत असते. वन विभागाची सूचना साधी आहे : गटाने चाला, मोठ्याने बोलत चाला, मागे कोणाला राहू देऊ नका.

या सूचनेतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. घोळक्यात पायाला कॅलिपर लावलेला एखादा मुलगा असेल किंवा अंधूक दृष्टीची एखादी मुलगी असेल, तर घोळक्याने कोणाच्या चालीने चालावे? चपळ मुले आपल्या वेगाने पुढे गेली तर मागे उरणारा नेमका तोच, ज्याला पळता येत नाही किंवा समोरचे नीट दिसत नाही. घोळक्याने त्याची चाल धरली तर सगळेच पाच-दहा मिनिटे उशिरा पोहोचतात. पण सगळे पोहोचतात. शासनाच्या परिपत्रकांत ज्याला ‘समावेशित शिक्षण’ म्हणतात, त्याचा सारा प्रश्न या पायवाटेवर उभा राहतो आणि त्याचे उत्तर तिथे मुलेच देतात. शिक्षक त्या वेळी शाळेत हजेरीपट उघडून बसलेले असतात.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या मुलांसाठी बरेच काही झाले आहे. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ साली सुरू झाली. १९९५ साली पहिला सर्वंकष कायदा झाला. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा डिसेंबर २०१६ मध्ये संसदेत संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात ते एकवीस झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, सिकलसेल यांसारख्या, बाहेरून पाहणाऱ्याला कळणारही नाहीत अशा अवस्था त्यात आल्या. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, याची निवडही त्याच्याकडे आली. समग्र शिक्षा अभियानात अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मुलींना दरमहा २०० रुपये, दहा महिने, असा वेगळा भत्ता आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा या तरतुदी कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे, त्या आवश्यकच होत्या.

परंतु तरतूद कागदावर असते आणि मूल बाकावर. विशेष शिक्षकांचेच उदाहरण घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या अभावाची दखल घेतली आणि पुढच्या वर्षी केंद्राने प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. आता आंबेगावचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पूर्वेला मंचरची बाजारपेठ. पश्चिमेला डिंभे धरणाच्या पलीकडे भीमाशंकर आणि आहुपे यांच्या बाजूला डोंगरकुशीत पसरलेल्या वाड्या. जुन्नरचेही तसेच. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा हा सपाटीचा भाग, आणि नाणेघाटाकडे सरकू लागले की विरळ वस्ती, महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या, दोन शिक्षकांच्या शाळा. त्या दोन शिक्षकांकडे चार किंवा पाच इयत्ता. दिव्यांग मूल एका वाडीत एक, दुसरे तिसऱ्याच वाडीत. अशा विखुरलेल्या मुलांपर्यंत पोहोचणारा विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेला असतो आणि पाळीपाळीने शाळा करतो. तो कितीही तळमळीचा असला तरी रोज एकाच शाळेत असू शकत नाही. पावसाळ्यात तर वाटच बंद होते.

मग तो नसतो त्या दिवसांत मुलाजवळ कोण असते? शेजारच्या बाकावरचे मूल. दुसरे कोणी नाही.

हे शेजारचे मूल काय काय करू शकते, याचा नीट विचार आपण क्वचितच करतो. अंधूक दृष्टीच्या मुलीला फळ्यावरचे गणित दिसत नसेल तर शेजारची मैत्रीण ते वहीत उतरवता उतरवता हळू आवाजात वाचते. दोघींचे एकदमच होते. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की काही कळत नाही, कारण त्याचे निम्मे ऐकणे ओठांवरून असते. अशा वेळी जोडीदाराने कोपराने खूण करायची आणि पाठाच्या पानावर बोट ठेवायचे, एवढे पुरते. मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलणे अस्पष्ट असलेल्या मुलाचे शब्द वर्गशिक्षकाला महिनाभर कळत नाहीत. सोबत विटीदांडू खेळणाऱ्या मुलांना ते आठवड्यात कळू लागतात आणि तीच पुढे दुभाष्याचे काम करतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला परिपाठाच्या रांगेत कुठे उभे राहायचे, खिचडीचे ताट कुठून उचलायचे, घंटा झाल्यावर दप्तरात आधी काय भरायचे, हा क्रम मोठ्यांच्या सांगण्यापेक्षा समोरच्या मुलीचे पाहून लवकर बसतो. यांतील एकाही गोष्टीला निधी लागत नाही. मात्र ती आपोआपही होत नाही. कोणी कोणाशेजारी बसावे, कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, हे शिक्षकाला विचारपूर्वक ठरवावे लागते आणि मुलांना दाखवून द्यावे लागते.

मुलांनी मुलांना शिकवणे ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. प्रवास उलट दिशेने झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने इथल्या गावठी शाळांत मोठी मुले लहानांना वाळूवर अक्षरे गिरवून देताना पाहिली. तीच रीत आपल्या शाळेत आणून १७९७ साली त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडभर पसरली. चार इयत्ता एकाच खोलीत बसवणाऱ्या भीमाशंकरच्या खोऱ्यातील शाळेला ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही. तिथे तिसरीचे मूल पहिलीच्या मुलाचे पाढे रोजच म्हणवून घेते. त्या रोजच्या व्यवहारात दिव्यांग मुलाला स्थान द्यावे, इतकाच प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, मुलांवर हा भार कशाला? शाळेने मदतनीस नेमावा. मदतनीस काही मुलांना लागतोच आणि कायद्यानेही तो मान्य केला आहे. स्वच्छतागृहात नेणे, औषध देणे, झटका आल्यास सांभाळणे ही कामे प्रौढांचीच. ती मुलांवर टाकणे अन्यायाचे आणि कधी धोक्याचेही होईल. तथापि मोठे माणूस सतत मुलाला चिकटून बसले की काय होते, याचा अभ्यास अमेरिकेत मायकेल जियांग्रेको यांनी १९९७ साली मांडला. मदतनीस आणि मूल वर्गात एक बेट होऊन बसतात. इतर मुले त्या बेटाकडे फिरकत नाहीत, आणि वर्गशिक्षकही ‘त्याचे ती बघते’ म्हणून आपली जबाबदारी सोडून देतो. एरिक कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र दिव्यांगत्व असलेल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते : काहींना नेहमीप्रमाणे प्रौढ मदतनीस, काहींना प्रशिक्षण दिलेले वर्गमित्र. वर्गमित्र लाभलेल्या मुलांचे इतरांशी बोलणे-चालणे वाढले, अभ्यासातील लक्ष कमी झाले नाही, आणि त्यांतील कितीतरी मैत्र्या सत्र संपल्यावरही टिकल्या. मैत्रीची नेमणूक करता येत नाही हे खरे. पण तिला जागा करून देता येते.

या अभ्यासांच्या पुष्कळ आधीचे एक उदाहरण आपल्याच परंपरेत आहे आणि ते आपल्या मुलांना सांगितले जात नाही, याचे नवल वाटते. पंडित सुखलालजी संघवी यांचा जन्म १८८० साली सौराष्ट्रातील लिमली या गावी झाला. सोळाव्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. ठरलेले लग्न मोडले, दुकानावर बसण्याचा मार्ग बंद झाला. गावात येणाऱ्या साधू-साध्वींकडून ऐकून ऐकून त्यांनी संस्कृत-प्राकृताचा पाया घातला आणि पुढे काशीला जाऊन व्याकरण आणि न्यायशास्त्राचा अभ्यास केला. तिथे त्यांच्यासोबत व्रजलालजी नावाचे सहाध्यायी होते. पाठशाळा सोडून ते दोघे भदैनीच्या घाटावर राहिले आणि शिकले. पुस्तक डोळ्यांनी एकाने वाचायचे आणि दोघांनी समजून घ्यायचे. हा मुलगा विद्वान होईल की नाही, याची खात्री त्या काळात कोणी दिली असती? पुढे बेचरदास दोशी यांच्यासह सन्मतितर्काचे अनेक वर्षांचे संपादन, तत्त्वार्थसूत्रावरील विवेचन, १९३३ ते १९४४ या काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन, १९७४ साली पद्मभूषण, हा सर्व इतिहास प्रसिद्ध आहे.

त्यातील एक धागा मात्र निराळा काढून पाहण्यासारखा आहे. बनारसला सुखलालजींना ग्रंथ वाचून दाखवण्यासाठी एक तरुण ‘वाचक’ म्हणून आला. त्याचे नाव दलसुख मालवणिया. ग्रंथ वाचून दाखवता दाखवता, पंडितजींचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे ऐकता ऐकता तो तरुण स्वतः पंडित झाला. १९४४ साली सुखलालजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी मालवणिया जैन दर्शन शिकवू लागले आणि पुढे अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराचे संचालक झाले. डोळे एकाचे होते, विद्या दुसऱ्याची. देवघेव संपली तेव्हा विद्या दोघांकडे होती. या व्यवहारात उपकार कोणी कोणावर केला, याचा हिशेब मांडायला बसले तर खतावणीच्या दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम येईल.

ज्या तत्त्वार्थसूत्रावर सुखलालजींनी लिहिले, त्याच्याच पाचव्या अध्यायात जीवांच्या परस्पर-उपग्रहाचा विचार आहे. भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण महोत्सवाच्या सुमारास सर्व संप्रदायांनी मिळून स्वीकारलेल्या जैन प्रतीकचिन्हाच्या पायाशी तेच सूत्र आहे. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत ते आपण छापतो. टीकाकारांनी तिथे दिलेली उदाहरणे स्वामी-सेवक आणि गुरु-शिष्य अशी दुहेरी आहेत : गुरू शिकवतो, शिष्य गुरूला अनुकूल वागतो, मालक वेतन देतो, सेवक सेवा देतो. एकच बाजू देते आणि दुसरी फक्त घेते, असे एकही उदाहरण तिथे नाही. वर्गातील सवंगड्याच्या मदतीला हीच कसोटी लावावी. कुबड्या घेऊन चालणारा मुलगा गणितात हुशार असेल तर त्याने शेजाऱ्याला त्रैराशिक समजावून द्यावे. न दिसणाऱ्या मुलीचे पाठांतर चांगले असेल तर प्रार्थना तिने सांगावी आणि वर्गाने मागून म्हणावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला झाडांना पाणी घालण्याची पाळी इतरांसारखीच मिळावी. ज्याला वर्षभर फक्त मदत मिळते आणि कोणीही कधी काही मागत नाही, त्या मुलाला आपण नकोसे आहोत हे फार लवकर समजते.

यात आणखी एक चूक वारंवार होते. वर्गातील सर्वांत गुणी मुलगी शोधायची, दिव्यांग मुलीशेजारी तिला बसवायचे, आणि मग पहिलीपासून चौथीपर्यंत ती तिथून हलत नाही. डबा उघडून देणे तिच्याकडे, वही लिहिणे तिच्याकडे, आणि मैदानावर इतर खेळत असताना सोबत बसून राहणेही तिच्याकडे. शिक्षक तिचे कौतुक करतात, पालकांना अभिमान वाटतो. ती मात्र हळूहळू थकते आणि सांगू शकत नाही. ही जबाबदारी मुलांपेक्षा मुलींकडेच अधिक का जाते, हेही शाळांनी स्वतःला विचारावे. अशा वेळी एकाच्या जागी तिघा-चौघांचा गट करावा, पाळी पंधरा दिवसांनी बदलावी, आणि नकार देण्याची मुभा दोन्ही बाजूंना असावी. कॅनडात १९८० च्या दशकात मार्शा फॉरेस्ट, जॅक पिअरपॉइंट आणि ज्युडिथ स्नो यांनी रुजवलेली ‘मित्रवर्तुळा’ची कल्पना हेच सांगते. ज्युडिथ स्नो स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या, त्यामुळे मदत घेणाऱ्याच्या बाजूचे संकोच त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. मदत करण्यापूर्वी ‘हात देऊ का?’ असे विचारणे, हा पहिला पाठ. न विचारता खुर्ची ढकलणे किंवा न पाहणाऱ्याचा दंड धरून त्याला ओढत नेणे, ही मदत नव्हे. हात त्याने आपल्या कोपरावर ठेवायचा असतो आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालायचे असते.

बाजारपेठेच्या गावांतील पालकांची चिंता निराळी असते आणि तिला हसून चालणार नाही. आपल्या मुलाचा वेळ दुसऱ्याला समजावण्यात गेला तर त्याचे गुण घसरतील, असे त्यांना वाटते. आपल्या समाजात शिकवणीला, टक्केवारीला किती महत्त्व आले आहे, हे सांगायला नको. तथापि ज्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज तीन निराळ्या तऱ्हांनी समजावून द्यावी लागते, त्याला ती स्वतःला किती आली आहे हे पहिल्यांदाच कळते. पेढीवर नव्या कारकुनाला रोजमेळ शिकवणाऱ्या जुन्या मुनिमाला हे कोणी सांगावे लागत नव्हते.

आता थोडे स्वतःच्या घराकडे वळावे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या गावांत पिढ्यान्पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांचा हात देण्याच्या बाबतीत कधी आखडला नाही. कृत्रिम पायांची शिबिरे, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली यांसाठी समाज मोकळेपणाने पैसा देतो. १९७५ साली स्थापन झालेल्या जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तर लाखो माणसांना उभे केले आणि तिच्या कार्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून काय होते? श्रवणयंत्राची बॅटरी संपते आणि ती कुठे मिळते हे घरच्यांना माहीत नसते. चाकाच्या खुर्चीचे चाक मुरुमाच्या वाटेवर चालत नाही, म्हणून ती शाळेच्या कोठीत नकाशांशेजारी उभी राहते. वस्तू दिली, छायाचित्र निघाले. त्या वस्तूचा वापर करायला सोबत कोणी दिले नाही. वाढदिवसाला शाळेत खाऊ वाटायला आपली मुले जातात, तेव्हा ती रांगेच्या एका बाजूला उभी असतात आणि घेणारी दुसऱ्या बाजूला. त्याच मुलांनी महिन्यातून दोन शनिवार तिथे जाऊन एखाद्या मुलाला गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवले आणि त्याच्याकडून गोष्ट ऐकली, तर ती रांग उरणार नाही.

आणि आपली पाठशाळा? रविवारी सकाळी सामायिक शिकायला येणाऱ्या मुलांत एखादे न ऐकणारे, न पाहणारे, उशिरा बोलू लागलेले मूल असते का? तशी मुले आपल्या घरांत नाहीत, असे नाही. पर्युषणातही ती घरीच राहतात. स्थानकाचा जिना उंच असतो, हे एक कारण. आणि ‘उगाच सगळ्यांसमोर कशाला’ हा आई-वडिलांचा संकोच, हे त्याहून मोठे. पायऱ्यांना कठडा बसवायला एक दाता पुरतो. संकोच जायला मात्र पाठशाळेतील दोन मुले त्या घरी जाऊन ‘चल, आमच्याबरोबर बस’ असे म्हणायला हवीत.

मदतीचा एक प्रकार असा आहे की त्यात मुलाशिवाय दुसरे कोणी चालतच नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत ज्या विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नाही, त्याला लेखनिक मिळतो आणि तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो. म्हणजे काम नववीच्या किंवा त्याखालच्या मुलाचे. तीन तासांच्या पेपरला चार तास बसायचे, समोरचा सांगेल तेच लिहायचे, त्याचे उत्तर चुकते आहे असे वाटले तरी गप्प राहायचे, आणि शुद्धलेखन सांभाळायचे. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हा मोठा संयम आहे. ऐनवेळी असा मुलगा मिळत नाही. त्याचे आई-वडील म्हणतात, त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर आली आहे. आणि तेही खोटे नसते. मिळाला तरी दोघांना एकमेकांच्या बोलण्याची सवय नसते. भूमितीची आकृती तोंडी सांगून काढून घेणे हे एका दिवसात जमणारे काम नाही. रेषा किती लांब, कोन कोणत्या बाजूला, अक्षर कुठे लिहायचे, यासाठी दोघांची अशी एक भाषा तयार व्हावी लागते.

मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे अर्ज जातो, तेव्हा त्यासोबत लेखनिकाची माहिती आणि त्याच्या शाळेचा दाखला द्यावा लागतो. म्हणून नारायणगावच्या किंवा मंचरच्या घरात आठवी-नववीचे मूल असेल आणि त्याची तयारी असेल, तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दिवाळीच्या सुटीआधीच भेटावे. मग सहामाहीचे पेपर त्या दोघांना एकत्र बसून सरावासाठी सोडवता येतात, आणि परीक्षेच्या पहिल्या पेपरला केंद्राच्या दारात ती दोघे अनोळखी म्हणून भेटत नाहीत.